एफटीएलमध्ये सारखे मरताय? नशिबाला दोष देण्याआधी या चुका टाळा

‘एफटीएल: फास्टर दॅन लाइट’बद्दल दोन मतं माझ्या कानावर सतत पडतात. एक म्हणजे, हा टाइमपास गेम आहे, यात डोकं लागत नाही. दुसरं म्हणजे, यात सगळं नशिबावर आहे, चांगलं शस्त्र मिळालं तर जिंकला, नाही तर गेला. आयटी पार्कच्या टपरीवर चहा पिताना आमच्या ऑफिसातली मंडळी हेच बोलतात आणि सुट्टीत घरी जमलेली भाचरंही हेच बोलतात. बोलणारा बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या सेक्टरात, म्हणजे प्रवासाच्या तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात, नुकताच मेलेला असतो.

पहिलं मत कुठून येतं ते मी समजू शकतो. गेम दिसायला साधा आहे. वरून दिसणारं एक जहाज, त्यात दहा-पंधरा खोल्या, खोल्यांत फिरणारी बोटाएवढी माणसं. जस्टिन मा आणि मॅथ्यू डेव्हिस या दोघांनी तो बनवला. 2012 साली किकस्टार्टरवर त्यांनी 10,000 डॉलर मागितले होते, लोकांनी 2 लाखांच्या वर दिले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात गेम बाहेर आला. जुन्या, रखडत चालणाऱ्या लॅपटॉपवरही तो चालतो. नेम धरायला हाताची चपळाई लागत नाही, एक डाव दोन-अडीच तासांत संपतो. म्हणून लोक त्याला हलका समजतात आणि हलकेपणानेच खेळतात.

दुसऱ्या मताशी मात्र माझं भांडण आहे. कोणत्या दुकानात कोणतं शस्त्र निघेल हे नशिबावर आहे, मान्य. पण चौथ्या सेक्टरात मरणं नशिबावर नाही. शेजारी बसून मी बऱ्याच जणांचे डाव बघितले आहेत आणि जहाजं फुटतात ती त्याच त्या सहा-सात चुकांनी.

ऑटोफायर चालू ठेवून हात बांधून बसणे

ही माझी सगळ्यात नावडती चूक. हिच्याबद्दल मी जरा जास्तच लिहिणार आहे, कारण बाकीच्या सगळ्या मिळून जेवढी जहाजं बुडवत नसतील तेवढी ही एकटी बुडवते.

माझा भाचा मे महिन्यात वर्ध्याहून आमच्याकडे येतो. नागपुरात मे महिन्यात दुपारी बाहेर पाऊल टाकायची सोय नसते, त्यामुळे पोरगं कूलरसमोर लॅपटॉप घेऊन बसलेलं. पाचवा सेक्टर, त्याचं केस्ट्रेल जहाज, आणि त्याच्याकडे बर्स्ट लेझर टू होताच, वर दुकानातून हॅलबर्ड बीम घेतला होता. वेपन सिस्टीमही पाचपर्यंत वाढवलेली, म्हणजे दोन्ही शस्त्रं एकदम चालत होती. यापेक्षा चांगली जोडी पाचव्या सेक्टरात मागायची तरी काय? समोर दोन थरांचं शील्ड असलेलं साधं बंडखोर जहाज. आणि हा मरत होता.

मी म्हटलं, “काहून बे, बीम लागत काहून नाही?”

“बीमच बेकार आहे मामा. पैसे वाया गेले माझे.”

मी स्क्रीनकडे नीट बघितलं. ऑटोफायरचं बटण चालू. बर्स्ट लेझर 12 सेकंदांत भरतो. भरला की आपला आपण सुटत होता, तीन गोळ्या. त्यातल्या दोन शील्डचे दोन थर खात होत्या, तिसरी लागली तर लागली. हॅलबर्ड भरायला 17 सेकंद लागतात. म्हणजे लेझर सुटल्यावर पाच सेकंदांनी बीम सुटायचा, आणि तोवर समोरच्याचं शील्ड परत उभं राहिलेलं असायचं. शील्डचा प्रत्येक थर बीमचं नुकसान एकाने कमी करतो. हॅलबर्डचं नुकसान दोन, समोर थर दोन, हातात शून्य. बीमची सुंदर रेघ समोरच्या जहाजावरून जात होती आणि ओरखडासुद्धा उठत नव्हता. पुढच्या फेऱ्यांना तर दोघांचं टायमिंग आणखीच विस्कटत गेलं.

मी विचारलं, तू करून काय राहिला होतास? तो म्हणाला, “ते आपोआपच मारून राहिलं होतं ना!”

त्याला मी ऑटोफायर बंद करायला लावलं आणि पुढच्या लढाईत एवढंच सांगितलं: लेझर भरला तरी सोडायचा नाही. बीम भरेपर्यंत थांब. दोन्ही भरले की स्पेसबार दाबून पॉज कर, लेझरचा नेम शील्डच्या खोलीवर धर, पॉज काढ. तीन गोळ्या जाऊन आदळताना बघ. दोन्ही थर पडले की लगेच परत पॉज, आणि आता बीमची रेघ अशी ओढ की तीन-चार खोल्या तिच्याखाली येतील. बीम चुकत नाही, समोरच्याचं इंजिन कितीही चांगलं असो. पहिल्याच फटक्यात समोरच्या जहाजाचं हल (सांगाड्याची ताकद, ती संपली की जहाज फुटतं) अर्ध्याच्या खाली आलं. पोरगं खुर्चीतून उठून उभंच राहिलं.

गोळ्या कधी कधी हुकतात, तेव्हा थर पूर्ण पडत नाहीत. मग बीम सोडायचा नाही, धरून ठेवायचा. भरलेलं शस्त्र वाया जात नाही, तुम्ही सोडेपर्यंत ते भरलेलंच राहतं. ही एक गोष्ट समजायला लोकांना महिने लागतात, कारण ऑटोफायर त्यांना ती कधी दिसूच देत नाही.

आणि पॉज. पॉज करणं म्हणजे चीटिंग, कमीपणा, असं मानणारे लोक मला भेटतात. आमच्या ऑफिसात एक जण अभिमानाने सांगतो की तो स्पेसबारला हातच लावत नाही. तो फ्लॅगशिपपर्यंत, म्हणजे शेवटच्या मोठ्या शत्रू जहाजापर्यंत, कधी पोचला नाही हेही तोच सांगतो. हा गेम पॉज करून विचार करण्यासाठीच बनवला आहे. मी प्रत्येक लढाई सुरू झाल्या क्षणी पॉज करतो आणि समोरचं जहाज वाचून काढतो: शील्डचे थर किती, मिसाइल आहे का, ड्रोन आहे का, टेलिपोर्टर (दुसऱ्या जहाजात माणसं उतरवणारं यंत्र) आहे का. मगच कुठल्या खोलीवर नेम धरायचा ते ठरवतो. माझ्या सवयीने मिसाइल असेल तर आधी वेपन्सची खोली, नसेल तर शील्डची.

पायलटला खुर्चीतून उठवणे

शत्रूचे दोन मॅन्टिस (मारामारीत तरबेज परग्रही जात) जहाजात उतरले की नवा खेळाडू सगळ्यांना सोडून देतो त्यांच्या अंगावर. पायलटसकट. ऑफिसातल्या त्याच मित्राचा डाव माझ्यासमोर याने संपला. त्याच्याकडे तीन माणसं होती, तिघंही वेपन्सच्या खोलीत मारामारी करत होते. कॉकपिट रिकामं पडलं की जहाजाची चुकवण्याची क्षमता थेट शून्यावर येते (पायलटिंग पहिल्या पातळीवर असेल तर), आणि उडी मारून पळही काढता येत नाही. समोरच्याची प्रत्येक गोळी, प्रत्येक मिसाइल लागत गेली. त्याला वाटत राहिलं की मॅन्टिसने त्याला मारलं. मॅन्टिस तर माणसाच्या दीडपट नुकसान करतात, हातघाईला त्यांच्याशी जायचंच नसतं.

जहाजात तुमच्या बाजूने लढणारी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे दरवाजे. पायलट बसल्या जागी राहू द्या. बाकीच्यांना मेडबेमध्ये (जखमी बरे होतात त्या खोलीत) बोलवा आणि मेडबेला वीज द्या, केस्ट्रेलमध्ये सुरुवातीला ती बंदच असते. मग मेडबे आणि कॉकपिट सोडून, शत्रू जिथे आहे तिथपासून बाहेरपर्यंतचे सगळे दरवाजे उघडा. हवा निघून जाते, खोल्या गुलाबी होत होत लाल पडतात आणि उतरलेल्यांची तब्येत उतरायला लागते. तसे ते हवा असलेल्या खोलीकडे धावतात, म्हणजे मेडबेकडेच. तिथे तुमची माणसं लढता लढता बरी होत असतात आणि ते होत नसतात. दरवाज्यांची सिस्टीम एक पातळी वाढवली की ते शत्रूला अडवूनही धरतात. हे अपग्रेड मी दुसऱ्या-तिसऱ्या सेक्टरातच घेऊन टाकतो, दुकानात काहीही चमकत असलं तरी. लॅनियस जातीला मात्र हवा लागत नाही, त्यांच्यावर ही युक्ती चालत नाही.

आगीचंही हेच. माणूस पाठवू नका, दरवाजे उघडा, हवेशिवाय आग विझते. जळत्या खोलीत माणूस पाठवून तो गमावणारे लोक बघितले की मला मनापासून वाईट वाटतं, कारण नवा क्रू मेंबर मिळवणं या गेममध्ये सोपं नाही.

शील्ड तीनवर नेऊन थांबणे

शील्डच्या दर दोन पातळ्यांना एक थर मिळतो. तिसरी पातळी 20 स्क्रॅपची (स्क्रॅप म्हणजे गेममधलं चलन), चौथी 30 ची. तिसरी घेऊन थांबलात तर नवा थर मिळत नाही आणि 20 स्क्रॅप अडकून पडतात. दोन्ही मिळून 50 जमेपर्यंत धीर धरा, मग एकदम घ्या. दुसरा थर शक्यतो दुसरा सेक्टर संपायच्या आत यायला हवा. वीज कमी पडली तर लढाईपुरतं ऑक्सिजन बंद ठेवा, हवा लगेच संपत नाही.

न वाचता पहिला पर्याय दाबणे

वाटेत एखादा प्रसंग येतो आणि काय करायचं याचे पर्याय समोर येतात. त्यात निळ्या अक्षरातला पर्याय दिसला तर थांबून वाचा. तुमच्याकडे एखादी जात, शस्त्र किंवा सिस्टीम आहे म्हणून तो आलेला असतो आणि बहुतेक वेळा फायद्याचा असतो. आणि स्टेशनवर महाकाय कोळी असल्याची बातमी आली आणि निळा पर्याय नसेल, तर मुकाट्याने पुढे जा. माणूस जाऊ शकतो.

इंधन संपवणे. एक युनिट 3 स्क्रॅपला मिळतं. पाचच्या खाली गेलं की दुकान दिसताच घ्या. यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

मिसाइल उधळणे. जिथे लेझरने काम होतं तिथे मिसाइल सोडू नका.

सेक्टर अर्धवट सोडणे. एक्झिट दिसली की उडी मारणारे लोक असतात, त्यांना मागून येणाऱ्या बंडखोर ताफ्याची भीती वाटते. भीती ठीक आहे, पण प्रत्येक न बघितलेला बीकन (उडी मारून जायचा थांबा) म्हणजे सोडून दिलेला स्क्रॅप. सेक्टरात शिरल्यावर आधी एक्झिट कुठे आहे ते शोधा, मग ताफा जवळ येईपर्यंत वाकडी वाट घेत जास्तीत जास्त बीकन करा. नेब्युलात ताफा हळू सरकतो, तिथे आणखी वेळ मिळतो. उलट टोकाचा हावरटपणाही नको: ताफ्याने गाठलेल्या बीकनवर तगडं जहाज वाट बघत असतं आणि त्याला हरवूनही स्क्रॅप मिळत नाही.

आता एक शॉर्टकट, ज्याच्याबद्दल मला वारंवार विचारलं जातं. गेम तुमचा डाव ‘कंटिन्यू.सॅव्ह’ नावाच्या फाइलमध्ये ठेवतो आणि जहाज फुटलं की ती काढून टाकतो. काही जण प्रत्येक लढाईआधी या फाइलची कॉपी करून ठेवतात आणि हरले की ती परत टाकतात. भाच्याने दोन दिवस हेच केलं. फ्लॅगशिपपर्यंत पोचला, तिथे हरला, परत फाइल टाकली, परत हरला. कारण वाटेत एकही लढाई नीट लढायला तो शिकला नव्हता आणि हातात दोन थरांचं शील्ड घेऊन आठव्या सेक्टरात उभा होता. त्या जागेवरून मागे जायला त्याच्याकडे फाइलच नव्हती. इझीवर खेळा, त्यात काहीच कमीपणा नाही, मी नवीन माणसाला इझीच लावून देतो. पण मेलात तर मेलेले राहा. पुढच्या डावात तीच चूक करताना हात थांबतो, तो याच मरण्यामुळे.

‘कोणतं शस्त्र सगळ्यात भारी’ या याद्या पाठ करून येणाऱ्यांचीही मला काळजी वाटते. त्यांना यादीतलं शस्त्र मिळालं नाही की ते डाव सोडून देतात. मिळालेल्या सामानातून जहाज उभं करणं हाच तर या गेमचा गाभा आहे. 2014 साली फुकट आलेल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड एडिशन’नंतर सामानाची विविधता इतकी वाढली आहे की याद्यांवर विसंबून राहणं आणखीच कठीण झालंय.

शेवटी फ्लॅगशिप. ती तीन टप्प्यांत लढते, तिचं शील्ड चार थरांचं असतं आणि टप्पा संपला की ती उडी मारून निघून जाते. त्या मधल्या वेळात दुरुस्तीच्या बीकनवर जायला विसरू नका, तुटक्या हलने तिच्या मागे धावू नका. पहिल्या टप्प्यात माझा पहिला नेम नेहमी तिच्या मिसाइलच्या खोलीवर असतो, कारण ती तीन-तीन मिसाइल एकदम सोडते आणि तुमचं शील्ड कितीही थरांचं असलं तरी ती त्यातून आरपार येतात. दुसऱ्या टप्प्यात ड्रोनचा वर्षाव होतो, त्याआधीच्या इशाऱ्याकडे लक्ष ठेवा आणि क्लोकिंग (जहाज थोडा वेळ लपवणारी सिस्टीम) असेल तर ते त्याच क्षणासाठी राखून ठेवा. तिच्यावर माणसं उतरवत असाल तर सगळा क्रू मारून टाकू नका. तो संपला की जहाजाचा ताबा कॉम्प्युटर घेतो आणि तुटलेल्या सिस्टीम स्वतःच दुरुस्त करत राहतो. एक माणूस लेझरच्या खोलीत जिवंत राहू द्या आणि बाकीचं जहाज निवांत मोडून काढा.