सारखं दिसतं म्हणून दुसरंच चिन्ह टाकू नका: मराठी टायपिंगमधल्या या चुका टाळा

कीबोर्डवर हवं ते चिन्ह सापडलं नाही की बरेचजण त्याच्यासारखं दिसणारं दुसरं काहीतरी टाकून मोकळे होतात. विसर्गाच्या जागी कोलन, दंडाच्या (।) जागी उभी रेघ, अंशाच्या खुणेसाठी वर चढवलेलं शून्य. छापील कागदापुरतं हे खपून जायचं. आता तोच मजकूर फाइलमध्ये शोधला जातो, यादीत अक्षरक्रमाने लावला जातो, दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडतो. संगणक आकार पाहत नाही, युनिकोडने (सगळ्या लिपींतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीने) त्या चिन्हाला दिलेला क्रमांक पाहतो. क्रमांक चुकला की शब्दच चुकला.

@ गेला कुठे?

विंडोजमधला नेहमीचा मराठी कीबोर्ड इनस्क्रिप्ट पद्धतीचा, म्हणजे भारतीय लिपींसाठी ठरवलेल्या प्रमाण मांडणीचा असतो. त्यात शिफ्ट धरून २ दाबलं की @ येत नाही, अर्धचंद्र (ॅ) येतो. शिफ्ट-५ ला ज्ञ, शिफ्ट-६ ला त्र, शिफ्ट-७ ला क्ष. म्हणजे %, & वगैरे चिन्हांच्या जागा जोडाक्षरांनी घेतल्या आहेत. कीबोर्ड बिघडलेला नसतो, फक्त भाषा मराठी असते. विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबा, इंग्रजीवर या, चिन्ह टाका, परत जा. डावं ऑल्ट आणि शिफ्ट चुकून एकत्र दाबलं गेलं तरी भाषा बदलू शकते. म्हणून पासवर्ड चुकतोय असं वाटलं की आधी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातली भाषेची खूण पाहा.

लंडनहून कोणी आणलेला लॅपटॉप असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. ब्रिटिश मांडणीत @ आणि दुहेरी अवतरण यांची अदलाबदल झालेली असते आणि शिफ्ट-३ ला £ येतो.

कुठलं अक्षर कुठे आहे हे पाठ करत बसू नका. विंडोजचं बटण, कंट्रोल आणि ओ एकदम दाबलं की पडद्यावर कीबोर्ड उघडतो. त्यावर शिफ्ट दाबा, चालू भाषेचा दुसरा थर लगेच दिसतो. मराठी टायपिंग शिकवताना पहिल्याच दिवशी हे दाखवायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

विसर्ग आणि कोलन

सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच, आणि ती दोन्हीकडून होते. 'दुःख', 'स्वतः', 'अंतःकरण' हे शब्द कोलन टाकून लिहिले जातात. उलट अर्जाच्या वरच्या ओळीत 'विषय'च्या पुढे कोलन हवा तिथे विसर्ग बसतो, आणि वाचणाऱ्याने उच्चारानुसार वाचायचं ठरवलं तर तो 'विषयह' वाचेल.

कारण साधं आहे. इनस्क्रिप्टमध्ये कोलनच्या बटणावर च आणि छ आहेत, कोलन तिथे नाहीच. विसर्ग मात्र शिफ्ट आणि वजाच्या बटणावर सहज मिळतो. इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवणाऱ्या साधनांत नेमकं उलट होतं. तिथे कोलन समोर असतो आणि विसर्ग शोधावा लागतो. कोलन घालून लिहिलेला 'दु:ख' हा शब्द विसर्ग घालून शोधला तर सापडत नाही. शंभर पानांच्या पुस्तकाची सूची करताना याचा त्रास कळतो.

दर्या की दऱ्या?

'सह्याद्रीच्या दर्या' असं वाचलं की समुद्र डोळ्यांपुढे येतो. र, हलंत (अक्षराचा पाय मोडणारी खूण ्) आणि य टाइप केलं की रफारच येणार. 'दऱ्या', 'वाऱ्याने', 'शेतकऱ्यांना' यांतला र वेगळा आहे. इनस्क्रिप्टमध्ये तो शिफ्ट-जे वर मिळतो: आधी ऱ, मग डी दाबून हलंत, मग य. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत माणसंच बदलतात, त्यामुळे इथे आळस नको.

ॲ बद्दलही असंच. राज्य शासनाने २००९ मध्ये वर्णमालेत ॲ आणि ऑ यांना जागा दिली. युनिकोडमध्ये ॲ आदल्याच वर्षी आला होता. तरी लोक अ टाइप करून त्यावर चंद्र चढवतात, किंवा हिंदीतला ऍ वापरतात. अ वर चंद्र चढवलेलं अक्षर डोळ्यांना तेच दिसतं, पण शोधताना आणि क्रम लावताना दगा देतं. वर्डमध्ये ०९७२ हे अंक इंग्रजीत टाइप करून लगेच ऑल्ट-एक्स दाबा, अंकांच्या जागी खरा ॲ येईल. हीच युक्ती उलटही चालते: शंका असलेल्या चिन्हानंतर कर्सर ठेवून ऑल्ट-एक्स दाबलं की त्याचा क्रमांक दिसतो.

रुपया

₹ हे चिन्ह जुलै २०१० मध्ये स्वीकारलं गेलं. भारतात विकल्या जाणाऱ्या कितीतरी कीबोर्डांवर ते ४ च्या बटणावर छापलेलं असतं, पण दाबलं की $ येतो. कारण विंडोजमध्ये अमेरिकन इंग्रजीची मांडणी निवडलेली असते. भाषेच्या सेटिंगमध्ये 'इंग्लिश (इंडिया)' जोडा. मग उजवं ऑल्ट धरून ४ दाबलं की ₹ येतो. सुरुवातीच्या काळात खास फॉन्ट निघाले होते, ज्यांत ` या खुणेच्या जागी रुपया दिसायचा. तशी जुनी बिलं आज दुसऱ्या संगणकावर उघडली की रकमेआधी नुसती ती खूण उरते. त्या वाटेला आता जाऊ नका.

बाकीची थोडी

तापमान लिहिताना ३५ वर शून्य चढवलं आणि मजकूर साध्या संदेशात चिकटवला की ३५० होतं. खरी अंशाची खूण ऑल्ट धरून ०१७६ दाबल्यावर येते. गुणाकाराचं × ०२१५ ला, ½ ०१८९ ला. हे अंक उजवीकडच्या अंकपट्टीवरचेच लागतात आणि नमलॉक चालू असावा लागतो. वरच्या ओळीतल्या अंकांनी काही होत नाही. अंकपट्टी नसलेल्या लॅपटॉपवर विंडोजचं बटण आणि पूर्णविराम दाबा. इमोजींच्या चौकटीतच चिन्हांचा वेगळा विभाग असतो. अभंगाच्या चरणाशेवटचा दंड (।) इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट आणि पूर्णविरामावर आहे.

जुन्या फाइली दुरुस्त करताना शोधा-आणि-बदला वापरा, पण सरसकट नाही. चंद्र चढवलेल्या अ च्या जागी ॲ एका झटक्यात घालायला हरकत नाही. कोलन मात्र शब्दागणिक बदला: आधी 'दु:ख', मग 'स्वत:', मग 'अंत:करण'. सगळे कोलन एकदम बदलले, तर सकाळी १०:३० च्या सभेच्या वेळेतही विसर्ग घुसेल.