नव्या घराच्या गच्चीवरचे जुने सोलर पॅनल: उतरवायचे कसे आणि द्यायचे कुणाला

मुंबईत चारकोपचं रो-हाउस असो, मुलुंडचा जुना बंगला असो की बोरिवलीत गच्चीसकट घेतलेला वरचा मजला, आधीच्या मालकाने बसवलेले आठ-दहा पॅनल खाली आणणं हे दोन मजूर आणि एका जाणत्या वायरमनचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. घोळ होतो तो भलतीकडेच. स्विच पाडला की पॅनल बंद झाला असं समजणं, स्लॅबमधली भोकं तशीच सोडणं आणि मीटरचं नंतर बघू म्हणणं, या तीन गोष्टींत पैसा जातो, कधी जीवही.

आधी कागद

पॅनल खरोखर तुमचे आहेत का, ते पाहा. विक्रीच्या करारात सोलर संचाचा उल्लेख हवा. काही ठिकाणी संच कर्जावर घेतलेला असतो. काही ठिकाणी तो कंपनीच्याच मालकीचा असतो आणि घरमालक फक्त युनिटमागे पैसे भरत असतो. असा संच परस्पर उतरवला तर तुम्ही दुसऱ्याच्या मालाला हात लावलात असा अर्थ होतो. इमारतीची सामाईक गच्ची असेल तर ती सोसायटीची; सभेचा ठराव आणि लेखी परवानगी घेतल्याशिवाय एक नटही सैल करू नका. पीएम सूर्यघर या केंद्राच्या अनुदान योजनेतून बसवलेला संच पाच वर्षांच्या आतला असेल तर देखभालीची जबाबदारी बसवणाऱ्या कंत्राटदारावर असते. पहिला फोन त्यालाच करा.

मग मीटर. शहर भागात बेस्ट, उपनगरांत अदानी किंवा टाटा पॉवर, मुलुंड-भांडुपकडे महावितरण; ज्यांचं बिल येतं त्यांच्याकडे आधी जोडणी आपल्या नावावर करून घ्या आणि मग नेट मीटरिंग (गच्चीवरची जास्तीची वीज कंपनीला देऊन बिलातून वजा करून घेण्याची सोय) बंद करण्याचा अर्ज द्या. क्रम उलटा केला तर जुन्या मालकाच्या सहीसाठी हेलपाटे. बिलावर शिल्लक युनिट दिसत असतील तर त्यांचं काय होणार, हे अर्जासोबतच लेखी विचारा, कारण या युनिटांचा हिशेब आर्थिक वर्षाच्या शेवटी, म्हणजे ३१ मार्चला मिटवला जातो. नेट मीटर कंपनीचा माणूसच काढेल. त्याचं सील तुमच्या वायरमनने तोडायचं नाही.

आणि एकदा स्वतःला विचारा, की खरंच काढायचे आहेत का? उत्पादक साधारण २५ वर्षांची हमी देतात आणि मुदतीच्या शेवटीही सुमारे ८० टक्के उत्पादनाचं वचन असतं. मुंबईच्या खाऱ्या हवेत पॅनलच्या आधी खालची लोखंडी चौकट मरते. चौकट गंजली म्हणून चांगले पॅनल फुंकून टाकणं आम्हाला पटत नाही. नुसतं वॉटरप्रूफिंग करायचं असेल तर पॅनल उतरवून ठेवा आणि नव्या चौकटीवर परत बसवा.

दिवस आणि वेळ

मेच्या मध्यापर्यंत सगळं आटोपायला हवं, कारण भोकं बुजवून गच्ची तपासायला जूनच्या पावसाआधी आठ-दहा दिवस हाताशी लागतात. काम सकाळी लवकर सुरू करा. ऊन कोवळं असतं आणि समुद्रावरचा वारा अजून उठलेला नसतो. दोन चौरस मीटरचा पॅनल कठड्याजवळ उभा धरला की दुपारच्या वाऱ्यात तो दोघांनाही ओढतो.

वीज: इथे घाई नको

पॅनलवर उजेड पडला की तो वीज करतो. त्याला स्विच नाही. ३३० वॅटचा ७२ सेलचा (वीज करणाऱ्या ७२ चकत्यांचा) पॅनल उघड्या टोकांना सुमारे ४६ व्होल्ट देतो. असे दहा एका रांगेत जोडले की ४६० व्होल्ट डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज. घरातली एसी वीज दिशा बदलत सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, म्हणून ठिणगी विझते. डीसी शून्यावर येतच नाही. त्यामुळे चालू प्रवाहात कनेक्टर ओढला तर ठिणगीची ज्योत होते, प्लास्टिक वितळतं आणि हात भाजतो. निळी ताडपत्री टाकून भागत नाही, तिच्यातून उजेड झिरपतो. काळं जाड प्लास्टिक किंवा कॅनव्हास टाका, आणि तरीही मोजल्याशिवाय हात लावू नका.

क्रम असा:

१. एसीडीबीमधला (इन्व्हर्टरनंतरच्या एसी बाजूच्या पेटीतला) एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारा स्विच, पाडा, मग घराच्या मुख्य बोर्डावरचा सोलरचा एमसीबी.
२. इन्व्हर्टरचा (पॅनलच्या डीसीची एसी करणाऱ्या यंत्राचा) डीसी आयसोलेटर, म्हणजे पॅनलची बाजू तोडणारा स्विच, बंद करा, मग डीसीडीबीमधला (पॅनलकडून येणाऱ्या केबलच्या पेटीतला) स्विच. फ्यूज असेल तर तो आत्ता ओढू नका.
३. किमान दहा मिनिटं थांबा. इन्व्हर्टरमधले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) तोवर भरलेले असतात.
४. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर (केबलभोवती चिमट्यासारखा बसून प्रवाह मोजणारा) एकेका केबलला लावा. शून्य ॲम्पियर दिसला तरच पुढे. साधा एसी क्लॅम्प इथे नेहमीच शून्य दाखवेल. त्यावर विसंबू नका.
५. धन आणि ऋण टोकांमध्ये, मग प्रत्येक टोक आणि अर्थिंग यांच्यामध्ये व्होल्ट मोजा.

पाचवी पायरी बहुतेक जण गाळतात, आणि तीच सगळ्यात कामाची. रांग धडधाकट असेल तर टोक आणि अर्थिंग यांच्यामध्ये काटा स्थिरावत नाही, आकडा घसरत जातो. आकडा ठाम राहिला तर कुठेतरी केबलची साल सोलून ती चौकटीला लागली आहे, आणि चौकटीला हात लावणंही धोक्याचं आहे. जागा शोधायचा सोपा हिशेब आहे. पूर्ण रांगेचे व्होल्ट भागिले पॅनलची संख्या म्हणजे एका पॅनलचे व्होल्ट. समजा ते ४६ आले आणि ऋण टोक ते अर्थिंग १३८ दिसले, तर १३८ भागिले ४६ बरोबर ३. ऋण टोकाकडून तिसऱ्या आणि चौथ्या पॅनलच्या मधे बघा. बहुधा चौकटीच्या धारेवर घासलेली केबल किंवा पाणी शिरलेला कनेक्टर सापडेल. अशा रांगेला रबरी हातमोजे घालून फक्त वायरमननेच हात लावायचा, तोही पॅनल झाकून.

प्रवाह शून्य झाल्यावर इन्व्हर्टरकडचे एमसी४ कनेक्टर (सोलर केबल जोडणारे प्लास्टिकचे प्लग) सोडवा, मग गच्चीवरचे. दोन्ही बाजूंचे कान दाबणारा प्लास्टिकचा पान्हा मिळतो, तोच वापरा. स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका. कनेक्टर वितळून चिकटला असेल तर जोर लावण्यापेक्षा केबल कापलेली बरी. पण एका वेळी एकच तार, आणि तिच्या टोकाला टेप गुंडाळल्यावरच दुसरी. दोन्ही तारा एका दणक्यात कापल्या तर कटरच त्यांना जोडून देतो.

एक गोष्ट वायरमनही विसरतात. मुख्य बोर्डाकडून एसीडीबीकडे आलेली केबल इन्व्हर्टर निघाल्यावरही बोर्डावरचा एमसीबी कुणी चढवला की जिवंत होते, कारण ती वीज कंपनीच्या बाजूने येते. ती बोर्डाच्या टोकाशीच सोडवून काढायची. भिंतीवर टेप लावून लोंबती ठेवायची नाही.

उतरवणं

आदल्या संध्याकाळी सगळ्या नट-बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. स्टेनलेस स्टीलचे एम८ (८ मिलिमीटर जाडीचे) बोल्ट सहसा गंजत नाहीत, पण मशीनने भरभर फिरवले की तापून नटाला चिकटून बसतात. पहिले दोन आटे हातानेच, हळू. बोल्ट नाहीच निघाला तर हॅकसॉ. ग्राइंडरची ठिणगी पॅनलच्या पाठच्या प्लास्टिकवर पडली तर ते पेट घेतं, म्हणून आजूबाजूचे पॅनल हलवल्याशिवाय ग्राइंडर नको.

ओळीच्या टोकाकडून सुरुवात करा. मधला क्लॅम्प दोन पॅनल धरून असतो. तो सैल केला की शेजारचाही सुटतो आणि चौकट तिरकी असल्यामुळे खाली घसरतो. खालच्या कडेला एक माणूस हवाच. उचलण्याआधी पॅनलखालची केबल आणि फ्रेमला जोडलेली अर्थिंगची तार दोन्ही सुटल्या आहेत ना, हे हात फिरवून पाहा. सुमारे २२ किलोचा पॅनल उचलल्यावर तारेचा हिसका बसला की काच आपटते.

केबलला धरून पॅनल कधीही उचलू नका आणि त्यावर पाय ठेवू नका. वरून काही दिसत नाही, पण आतले सेल तडकतात आणि विकाऊ माल कचरा होतो. खाली नेताना जिन्याचाच वापर करा. जिना वळणाला अरुंद असेल तर कोपऱ्यांना पुठ्ठा बांधून, दोन दोरांत, कठड्यावरून सोडा आणि खाली रस्ता अडवून ठेवा. गच्चीवर सिमेंटचा पत्रा असेल तर फळ्या टाकून, खालच्या आडव्या लोखंडाच्या रेषेतच चाला.

स्लॅब

चौकट काँक्रीटच्या ठोकळ्यांवर नुसती बसवलेली असेल तर नशीब. ठोकळे छिन्नी-हातोड्याने सोडवा. ब्रेकर लावला तर हादऱ्याने आजूबाजूचा ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा वॉटरप्रूफ थर) तडकतो.

बोल्ट स्लॅबमध्ये ठोकलेले असतील तर ते ओढून काढायच्या फंदात पडू नका. पसरणारा अँकर (भोकात फुगून पकड घेणारा बोल्ट) उपसला की भोवतालचं काँक्रीट घेऊन येतो. बोल्टभोवती २५ ते ३० मिलिमीटर खोल खड्डा करून बोल्ट त्याच्या तळाशी कापा, लोखंडावर गंजरोधक लावा आणि खड्डा पॉलिमर मॉर्टरने किंवा इपॉक्सीने भरा. नुसता सिमेंटचा घोळ आकसतो आणि कडेने केसाएवढी चीर राहते. मुंबईच्या पावसाला तेवढी पुरते. वर फुटभर परिघात फायबरची जाळी आणि वॉटरप्रूफिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. केबलच्या पाइपासाठी कठड्यात पाडलेलं भोकही याच वेळी बुजवा, तिथूनच भिंतीला ओल धरते.

साहित्य पूर्ण सुकलं की पाण्याच्या पाइपांची तोंडं बंद करून गच्चीवर २५ ते ५० मिलिमीटर पाणी २४ ते ४८ तास साठवा आणि खालची छतं पाहत राहा. ५० मिलिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला ५० किलो. स्लॅब जुना आणि सळ्या दिसणारा असेल तर अभियंत्याला विचारूनच.

पॅनल द्यायचे कुणाला

आधी निवडा. भर उन्हात एकेक पॅनल मोजा. तापलेला पॅनल मागच्या लेबलपेक्षा दहा टक्क्यांपर्यंत कमी व्होल्ट दाखवतो, तो दोष नव्हे. थेट एकतृतीयांश कमी दिसले तर जंक्शन बॉक्समधल्या (पॅनलच्या पाठीवरच्या केबलच्या डबीतल्या) तीन डायोडपैकी एक शॉर्ट झालेला असू शकतो. तो बदलता येतो. पाठीवर पांढरी भुकटी, जळकट डाग किंवा सुटलेले थर दिसले तर तो पॅनल कुणाला विकू नका, दानही देऊ नका.

चांगले निघालेले पॅनल शेतावरच्या पंपाला किंवा गावच्या घराला उपयोगी पडतात. देताना सिरियल नंबर आणि लेबलचा फोटो द्या.

बाकीचे ई-कचऱ्यात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत सोलर पॅनल येतात. पॅनल बनवणाऱ्या किंवा आयात करणाऱ्या कंपनीला आधी विचारा. ती दाद देत नसेल, किंवा बंदच पडली असेल, तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ई-कचरा पोर्टलवर नोंदणी असलेला रिसायकलर गाठा. फोनवर पहिला प्रश्न हाच: सोलर पॅनल घेता का? सगळेच घेत नाहीत. पैसे मिळतील या आशेवर राहू नका, उलट टेम्पोभाडं तुम्हालाच पडेल, कारण पॅनलच्या वजनात तीन चतुर्थांश तर काचच असते.

दारावरचा भंगारवाला मात्र हसत नेईल. त्याला हवी असते ॲल्युमिनियमची फ्रेम आणि तांब्याची केबल. उरलेली काच, शिशाच्या डाकासकट, नाल्याकाठी किंवा बांधकामाच्या राडारोड्याच्या ढिगात जाते. म्हणून फ्रेम काढून पॅनल वेगळा विकू नका. फ्रेम गेली की काच उचलतानाच फुटते आणि रिसायकलरही नाक मुरडतो. चौकटीचं लोखंड, रेल, सुटी केबल हे भंगारवाल्याला खुशाल द्या, तिथे भाव मिळतो. इन्व्हर्टर ई-कचऱ्यात. बॅटरी असेल तर ती विक्रेत्याकडे. जुनी लेड-ॲसिड बॅटरी ते किंमत देऊन घेतात. आडवी मात्र नेऊ नका, ॲसिड सांडतं.

फुटलेला पॅनलही वीज करतो, आणि ओला झाला तर फ्रेममध्ये उतरवतो. काच वरच्या बाजूला ठेवून ताडपत्रीत गुंडाळा, कोरड्या जागी ठेवा. गाडी येईपर्यंत बाकीचे लांब कडेवर, लाकडी फळ्यांवर उभे ठेवा आणि कनेक्टरच्या तोंडांना टेप लावा. रिसायकलरकडून वजन आणि नगांची संख्या लिहिलेली पावती घ्या आणि मीटर बदलल्याच्या कागदाला जोडून ठेवा. पुढे घर विकताना, गच्चीवरचं सोलर कुठे गेलं, हा प्रश्न गिऱ्हाइकाचा वकील विचारतोच.