हरियाल ओळखताना या चुका टाळा

"हा हिरवा पक्षी कुठला?" असा फोटो पक्षीप्रेमींच्या ग्रुपवर पडला की दोन मिनिटांत उत्तर येतं, "हरियाल, आपला राज्यपक्षी!" विदर्भातला किंवा पुणे-नाशिककडचा फोटो असेल तर ते बहुधा बरोबर निघतं. पण आंबोली, तिळारी किंवा गोव्यातल्या मोलेच्या फोटोवर तेच उत्तर डोळे झाकून ठोकलं, तर फसायला होतं. लोक हिरव्या रंगावर जातात आणि हरोळ्यांच्या, म्हणजे हिरव्या कबुतरांच्या, कुळात हिरवा रंग सगळ्यांकडेच आहे.

आधी पाय बघा

हरियालचे पाय पिवळेधमक असतात. सह्याद्रीच्या दमट जंगलातली राखी कपाळाची हरोळी आणि नारिंगी छातीची हरोळी, या दोघींचे पाय लालसर. नर समोर असेल तर काम सोपं: पहिलीच्या नराची पाठ तांबूस-तपकिरी असते, दुसरीच्या नराच्या छातीवर नारिंगी पट्टा आणि त्याच्या वर फिकट जांभळा. खरी गोची माद्यांची. त्यांच्यावर यातलं काहीच नसतं, नुसता हिरवा पक्षी दिसतो आणि लगेच 'हरियाल' म्हणून नोंद होते. हरियालमध्ये मात्र नर-मादी जवळजवळ सारखेच दिसतात.

पक्षी पिसं फुगवून बसला असेल किंवा पाय पानाआड असतील, तर खांद्याकडे वळा. पंखाच्या वरच्या कोपऱ्यावर फिकट जांभळा ठिपका, राखाडी डोकं, पिवळट मान आणि मिटलेल्या पंखावर पिवळी रेघ, एवढं जुळलं तर शंका उरत नाही. दुर्बीण चांगली असेल तर डोळाही बघा, आत निळं आणि बाहेर गुलाबी अशी दोन कडी दिसतात. पिल्लावस्थेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या पक्ष्यात खांद्याचा ठिपका फिका असतो, तेव्हा तो दिसला नाही म्हणून घाईने नाव बदलू नका.

आणि कृपा करून मोबाइलवर रंग भडक केलेल्या फोटोवरून पायांचा वाद घालू नका. पिवळ्याचा नारिंगी व्हायला एक फिल्टर पुरतो. मूळ फोटो मागवा.

पुस्तकंही कधी कधी गोंधळ घालतात. उत्तर भारतातल्या हरियालचं पोट राखाडी असतं, आपल्याकडच्याचं पिवळट-हिरवं. चित्र उत्तरेकडच्या पक्ष्याचं असलं की नवशिक्याला आपण वेगळंच काहीतरी पाहिल्यासारखं वाटतं. जुन्या पुस्तकात सह्याद्रीतल्या राखी कपाळाच्या हरोळीला 'पॉम्पाडूर ग्रीन पिजन' म्हटलेलं सापडेल. आता 'पॉम्पाडूर' हे श्रीलंकेतल्या हरोळीच्या शास्त्रीय नावापुरतं राहिलं आहे.

जमिनीवर शोधू नका

रानवाटेवर पालापाचोळ्यात टिपत फिरणारं हिरव्या पंखांचं, लाल चोचीचं पाखरू म्हणजे पाचू कवडा, हरियाल नव्हे. हरियाल झाडावरचा पक्षी. तो जमिनीला कधी पायच लावत नाही, ही गोष्ट गावोगाव ऐकायला मिळते. ऐकायला छान आहे, पण पाणी प्यायला आणि खारी माती खायला तो खाली उतरतो. एरवी वड, पिंपळ, उंबर, नांद्रुक यांच्या शेंड्याकडे नजर ठेवा. जांभळं, बोरंही तो खातो. गच्चीवर ज्वारी टाकून हरियालची वाट बघणाऱ्यांकडे पारवेच जमतात.

'घनदाट जंगलाशिवाय दिसायचा नाही' हाही एक गैरसमज. पानगळीचं रान, त्याची कड, गावाबाहेरची देवराई, जुन्या रस्त्यालगतचे वड, शहरातल्या बागा, फळलेलं झाड असेल तिथे तो येतो. वडाची सगळी झाडं एकाच वेळी पिकत नाहीत. एका झाडावर फळं आहेत तोवर अख्खा थवा तिथे, ती संपली की झाड ओस. म्हणून मागच्या आठवड्यात दिसलेल्या झाडाखाली कॅमेरा लावून बसण्यात अर्थ नाही. आसपासचं दुसरं पिकलेलं झाड हुडका.

झाड सापडलं, पक्षी दिसेना

ही तक्रार सगळ्यात जास्त येते. चाहूल लागली की हरियाल जागच्या जागी थिजतो आणि पानांत असा मिसळतो की दहा हातांवरचाही सापडत नाही. टाळ्या वाजवून, दगड मारून उठवू नका. पंखांची फडफड ऐकू येईल आणि वीसेक पाठमोरे पक्षी जाताना दिसतील, ओळख काहीच पटणार नाही. सूर्य पाठीशी घेऊन खोडापासून लांब उभं राहा आणि टपटप पडणाऱ्या फळांकडे लक्ष द्या. दहा-पंधरा मिनिटांत फांदीच्या टोकाला हालचाल सुरू होते. पक्षी उलटा लोंबकळून फळापर्यंत मान लांबवतो, पिकलेलं फळ उपटतो आणि अख्खं गिळतो. आवाजानेही मदत होते: पारव्याची गुटरगू नाही, माणसाने मजेत घातल्यासारखी चढउताराची गोड शीळ.

त्याहून सोपा उपाय म्हणजे उजाडता उजाडता जाणं. थंडीत थवा सावरीच्या किंवा वाळक्या झाडाच्या उघड्या शेंड्यावर ऊन खात बसतो. तेव्हा उन्हाकडे तोंड करून बघितलंत तर सगळे काळे पारवेच वाटतील, त्यामुळे झाडाला वळसा घाला.

'बिया पसरवणारा' म्हणताना जपून

फळं खाणारा पक्षी म्हणजे जंगल लावणारा पक्षी, असं सरसकट लिहिलं जातं. हरोळ्यांची पेषणी (पोटातला अन्न भरडणारा भाग) जाड, स्नायुमय असते आणि वडा-उंबराच्या बारीक बियांपैकी बऱ्याचशा तिथे भरडल्या जातात. बिया दूर नेऊन टाकण्यात सह्याद्रीतलं मोठं रानकबूतर इंपीरियल पिजन किंवा धनेश यांचा हात कितीतरी मोठा. हरियालचं कौतुक करायला दुसरी कारणं भरपूर आहेत.

मार्च ते जून हा त्याच्या विणीचा मुख्य काळ. काटक्यांचं विरळ घरटं, त्यात दोन पांढरी अंडी. याच दिवसांत 'पावसाळ्याआधीची छाटणी' सुरू होते, तेव्हा फांदीवर करवत चालवण्याआधी वर एकदा बघायला सांगा. खाली पडलेलं पिल्लू सापडलं तर दूध-भात भरवू नका, पाळायला तर अजिबात नेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार तो गुन्हा आहे. महाराष्ट्रात वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा, आणि कोणी येईपर्यंत पिल्लाला भोकं पाडलेल्या खोक्यात, मांजरापासून लांब ठेवा.