नोकरी-परीक्षा सांभाळून मंडळीच्या तरुण संघासाठी निधी कसा उभारावा

मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघाला निधी लागतो तो बहुधा ओळखीच्याच कामांसाठी: उन्हाळी शिबिराची फी ज्यांच्या घरी परवडत नाही अशा मुलांसाठी, गायकवृंदाच्या जुन्या पेटीच्या दुरुस्तीसाठी किंवा एखाद्या सभासदाच्या आजारपणात हातभार लावण्यासाठी. ही जबाबदारी घेणाऱ्यांपैकी कोणी रुग्णालयात पाळीवर असते, कोणी आयटी कंपनीतून रात्री उशिरा घरी पोहोचते, तर कोणाची सेमिस्टरची परीक्षा तोंडावर आलेली असते. अशा संघात उत्साहाची वाण नसते, वेळेची असते. म्हणून ‘काय करायचे’ हे ठरवण्याआधी ‘आपल्या हाती किती तास आहेत’ हे मोजावे. उपासनेनंतर दहा मिनिटे सर्वांना थांबवून, पुढच्या महिन्याभरात कोण किती तास आणि नेमके कोणत्या वारी देऊ शकेल, हे प्रत्येकाकडून वहीत लिहून घ्यावे. व्हॉट्सअ‍ॅपवर सगळेच अंगठा दाखवतात. त्यावर भिस्त ठेवू नये.

तासांची बेरीज हाती आली की प्रत्येक पर्यायातून तासाला किती रुपये सुटतात हे पाहावे. समजा, सांस्कृतिक कार्यक्रम बसवायचा आहे. वीस जणांनी प्रत्येकी पंधरा तास तालमीला दिले तर 300 तास होतात. शंभर रुपयांची 150 तिकिटे खपून 15,000 रुपये आले आणि मंडप, ध्वनियंत्रणा यांवर 6,000 गेले, तर उरलेल्या 9,000 रुपयांचा हिशेब तासाला जेमतेम 30 रुपये पडतो. याउलट नाताळच्या फराळाच्या अर्ध्या किलोच्या 60 पुड्या आगाऊ मागणीवर प्रत्येकी 250 रुपयांना विकल्या आणि तेल, गॅस, पिशव्या धरून पुडीला 130 रुपये खर्च आला, तर 7,200 रुपये सुटतात. दहा जणांनी एका शनिवारी सहा-सहा तास दिले, तर तासाला 120 रुपये. तालमींमुळे मुले एकत्र येतात हे खरे आहे आणि त्यासाठी नाटुकले अवश्य बसवावे, पण ते निधीच्या खात्यात धरू नये.

फराळाचा पर्याय निवडल्यास करंजीचा मोह टाळावा. सारण, पारी आणि कातणे यांत दिवस जातो आणि सराव नसलेल्या हातांनी केलेल्या करंज्या तेलात उकलतात. पातळ पोह्यांचा चिवडा आणि शंकरपाळी हे दोनच जिन्नस पुरेसे आहेत. मागणी नोव्हेंबरच्या शेवटच्या दोन रविवारी उपासनेनंतर आणि घरोघरी होणाऱ्या प्रार्थना सभांमध्ये नोंदवावी, निम्मी रक्कम तेव्हाच घ्यावी आणि नोंदलेल्या पुड्यांपेक्षा चार-पाचच जास्त कराव्यात. सकाळी आधी चिवडा करून मोठ्या परातींत पसरून ठेवावा, कारण तो पुरता गार होण्याआधी पिशवीत भरला तर वाफ धरून मऊ पडतो. तो गार होईपर्यंत शंकरपाळी लाटून मंद आचेवर तळून होते. पुडीवर केल्याची तारीख लिहावी आणि चिवड्यात शेंगदाणे असल्याचेही नमूद करावे. महिला मंडळातील एखाद्या अनुभवी काकूंना त्या दिवशी फक्त देखरेखीला बोलवावे. काकू एकदा झारा हातात घेतात तेव्हा तरुण संघ आपोआप मोबाइल हातात घेतो, हे बहुतेक मंडळ्यांनी पाहिलेले आहे.

याहूनही कमी तास लागणारा मार्ग म्हणजे जो मेळावा भरणारच आहे त्याला आपले काम जोडून देणे. हंगामाच्या, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानण्याच्या सणाला सभासद धान्य, भाजी, अंडी, कोंबडी, घरचा केक असे जे अर्पण आणतात, त्याचा उपासनेनंतर लिलाव करण्याची प्रथा अनेक मराठी मंडळ्यांत आहे. या लिलावाचे उत्पन्न मंडळीचे असते, तेव्हा त्यावर हक्क सांगू नये. मात्र तरुण संघाने स्वतः आणलेल्या वस्तूंचा वेगळा लिलाव शेवटी मांडण्यास परवानगी मागता येते. येथे वस्तूपेक्षा लिलाव पुकारणारा महत्त्वाचा. मिश्कील स्वभावाचा, सर्वांना नावाने ओळखणारा आणि वडीलधाऱ्यांची मर्यादा राखणारा एक जण निवडावा. पंधरा रुपयांचा लाल भोपळा कोणीतरी तीनशेला घेतो, तिथल्या तिथे परत अर्पण करतो आणि तोच भोपळा पुन्हा बोलीला उभा राहतो. मात्र एका वस्तूची अशी फेरी दोनदा झाली की थांबावे, नाहीतर ऐपत नसलेल्यांना अवघडल्यासारखे होते. ज्याने बोली जिंकली त्याचे नाव आणि रक्कम त्याच क्षणी लिहिण्यासाठी वेगळा माणूस बसवावा, कारण दुपारच्या जेवणानंतर आकडे कोणालाच आठवत नाहीत.

डिसेंबरमधील कॅरलच्या, म्हणजे घरोघरी नाताळची गाणी गाण्याच्या फेऱ्यांतूनही चांगला निधी जमतो, परंतु त्या वेळ खातात. घरे वस्तीनिहाय वाटून दोन गट करावेत, पेटीऐवजी ढोलकी आणि टाळ घ्यावेत आणि चहा-फराळ फक्त शेवटच्या घरी होईल असे सर्व घरांना आधीच नम्रपणे कळवावे. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी असल्याने फेरी त्याआधी संपवणेच योग्य. दुसऱ्या दिवशी कामावर जाणाऱ्यांनाही ते सोयीचे पडते.

विक्रीसाठी महिन्याचा पहिला रविवार सहसा उत्तम ठरतो. अनेक मंडळ्यांत त्या दिवशी प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) असल्याने उपस्थिती जास्त असते आणि पगारही नुकतेच झालेले असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा असतात, तेव्हा त्या काळात काहीही ठरवू नये. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात खाण्यापिण्याचा स्टॉल लावावा की नाही, हे पाळकसाहेबांना विचारूनच ठरवावे.

तारीख आणि हेतू ठरल्यावर मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीला एक पानी अर्ज द्यावा: निधी कशासाठी, अंदाजे किती, खर्च किती आणि पैसे कोणाच्या ताब्यात राहतील. शेवटच्या मुद्द्यावर ढिलाई नको. क्यूआर कोड मंडळीच्या बँक खात्याचाच लावावा. ‘सध्या माझ्या नंबरवर पाठवा, नंतर भरतो’ असे म्हणणारा मुलगा कितीही प्रामाणिक असला, तरी त्याच्या खात्यात पगार, उसनवारी आणि निधी एकत्र झाले की तोच अडचणीत येतो. रोख रक्कम दोघांनी मिळून, चर्चमधून बाहेर पडण्याआधी मोजावी, दोघांनी सही करावी आणि खजिनदारांकडून पावती घ्यावी. मंडळीबाहेर, दुकानांतून किंवा सोसायट्यांतून वर्गणी मागायची असेल, तर ती कोणाच्या नावाने आणि कोणत्या परवानगीने मागायची हे आधी न्यासाच्या विश्वस्तांकडून स्पष्ट करून घ्यावे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या ज्या 41 क कलमाखाली गणेश मंडळे वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घेतात, ते कलम केवळ गणेशोत्सवापुरते नाही. तिकिटे विकून सोडतीने बक्षीस देण्याचा प्रकार कितीही लोकप्रिय असला, तरी खासगी सोडत कायद्याच्या कचाट्यात सापडू शकते, म्हणून तो टाळावा.

परदेशातील नातेवाईक मदत पाठवू इच्छितात तेव्हा त्यांचे नागरिकत्व विचारावे लागते. भारतीय पासपोर्ट असलेल्या, दुबईत नोकरी करणाऱ्या काकांनी आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे विदेशी अंशदान ठरत नाहीत. पण अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या आत्यांनी पाठवलेले पैसे ठरतात आणि एफसीआरए (विदेशी अंशदान नियमन कायदा) नोंदणी नसलेल्या मंडळीला ते स्वीकारता येत नाहीत. आत्यांना वाईट वाटले तरी चालेल.

पुढच्याच रविवारी सूचनांच्या वेळी जमा, खर्च आणि शिल्लक हे तीन आकडे वाचून दाखवावेत आणि बिलांसह हिशेब फलकावर लावावा. नंतर मागणीची यादी, सामानाचे प्रमाण, कोणाकडून कोणती भांडी आणली होती आणि कोण किती तास प्रत्यक्ष आले, हे सारे त्याच वहीत उतरवून ती नव्या चिटणीसांकडे द्यावी. भांडी मात्र त्याच संध्याकाळी घासून परत करावीत.