सूक्ष्मदर्शक घेण्यापूर्वी

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील शाळा किंवा शेतकरी कुटुंबे सूक्ष्मदर्शक घ्यायला निघाली की दुकानात पहिला प्रश्न "किती पट मोठे दिसते?" हाच विचारला जातो. त्याऐवजी आपल्याला काय पाहायचे आहे, हे आधी ठरवावे.

उसाच्या पानामागचा लोकरी मावा, तंबाखूच्या पानावरची अळीची अंडी किंवा धान्यातले किडे पाहायचे असतील, तर स्टिरिओ सूक्ष्मदर्शक घ्यावा. तो साधारण 10 ते 40 पट मोठे दाखवतो, प्रतिमा सुलट असते आणि भिंगाखाली चिमटा चालवण्याइतकी जागा मिळते.

कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी किंवा डबक्यातील सूक्ष्मजीव पाहण्यासाठी मात्र संयुक्त सूक्ष्मदर्शक लागतो. त्यात प्रकाश खालून वस्तूच्या आरपार येतो, म्हणून वस्तू पातळ हवी. अख्खे पान ठेवले तर काळा डागच दिसेल. 10 पटीचे नेत्रभिंग (डोळ्याजवळचे भिंग) आणि 4, 10, 40 पटींची वस्तुभिंगे (वस्तूजवळची भिंगे) यांच्या गुणाकारातून 40, 100 आणि 400 पट मिळतात, आणि शाळेला एवढे पुरते. 100 पटीच्या वस्तुभिंगाला विशेष तेल लागते. त्याचा खर्च जीवाणू पाहायचे असतील तरच करावा.

खोक्यावरच्या "1200 पट" या छापील आकड्याला भुलू नये. वस्तुभिंगावर कोरलेला दुसरा आकडा वाचावा: 40 पटीच्या भिंगावर तो बहुधा 0.65 असतो. बारकावे किती सुटे दिसतील हे त्यावर ठरते, आणि त्याच्या सुमारे हजारपटीपलीकडे, म्हणजे येथे 650 पटींपलीकडे, प्रतिमा नुसती फुगते, नवे काही दिसत नाही.

दुकानात काचपट्टी ठेवून 10 वरून 40 पटीच्या भिंगावर यावे. प्रतिमा जवळजवळ स्पष्टच राहिली पाहिजे. वस्तू ठेवायचा मंच आपोआप खाली घसरत असेल, तर ते यंत्र परत द्यावे. प्रतिमा बारकाईने स्पष्ट करणारा सूक्ष्म स्क्रू आणि प्रकाश कमी-जास्त करणारा पडदा असावाच. वीज जाणाऱ्या गावात एलईडीबरोबर आरसाही असलेला बरा. वस्तुभिंगे प्रमाणित आट्यांची असतील, तर पुढे ती बदलता येतात.

फारच कमी पैशांत भागवायचे असेल, तर फोल्डस्कोप हा घडीचा कागदी सूक्ष्मदर्शक सुमारे 140 पट दाखवतो आणि तो खिशातून शेतात नेता येतो.

खानापूरकडच्या पावसाळ्यात भिंगांवर बुरशी चढते, म्हणून खरेदीच्या वेळीच सिलिका जेल आणि घट्ट झाकणाचा डबा घ्यावा.