कॉक्लियाची आकृती काढताना या चुका टाळा (पहिली माझी स्वतःची)

लातुरात जीवशास्त्र शिकवायला लागून मला एकवीस वर्षं झाली. कॉक्लिया म्हणजे आतल्या कानातलं ऐकण्याचं वेटोळं. त्याच्या आकृत्या किती तपासल्या याचा हिशेब नाही, पण त्यातल्या चुका मोजून दहा-अकरा. दरवर्षी पोरं नवी, चुका त्याच. आता वही उघडायच्या आधीच सांगतो की बाण कुठं उलटा असणार. 'सर, एवढं सगळं कशाला, ट्रिक सांगा ना' म्हणणारी पोरं पहिल्या दिवसापासून भेटतात. कॉक्लियाला ट्रिक नाही. साधारण वाटाण्याएवढी जागा, तीही कवटीतल्या सगळ्यात टणक हाडात. तिथं काय चालतं ते डोळ्यापुढं आणावं लागतं, दुसरा रस्ता नाही.

बारीक आवाज बुडाशी, घुमणारा शेंड्याला

कॉक्लियाची नळी बुडाशी रुंद आणि शेंड्याकडं निमुळती. मी तेव्हा नवा होतो. सरळ हिशेब केला की मोठं भांडं घुमतं, लहान भांडं किणकिणतं. नोट्समध्ये बुडापाशी जाड अक्षरात 'खर्ज' लिहिलं, शेंड्यापाशी 'तार', आणि दोन्हींना जोडणारा एक डौलदार बाण. दोन वर्षं तेच शिकवलं. कुणी हूं की चूं केलं नाही.

तिसऱ्या वर्षी शेवटच्या बाकावरून औशाकडच्या एका मुलीनं हात वर केला. तिचे वडील हलगी वाजवायचे. म्हणाली, "सर, काय सांगायलात तुम्ही? हलगी शेकली की तिचं कडं बारीक होतंय का? कडं तेवढंच राहतंय अन् आवाज चढतोय. तुम्ही नळी मोजायलात, पडदा कुठं मोजलात?" वर्ग हसला. मी "बस खाली" म्हणालो. ते बरोबर नव्हतं, हे तेव्हाही कळत होतं.

रात्री घरी जाड पुस्तक काढलं. बेसिलर मेम्ब्रेन, म्हणजे नळीच्या आत लांबीभर पसरलेला तो पडदा, बुडाशी जेमतेम ०.१ मिलिमीटर रुंद आणि ताठ. शेंड्याला तोच जवळपास ०.५ मिलिमीटर रुंद आणि लुळा. नळी निमुळती होत जाते तसा पडदा रुंदावत जातो! माणूस साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकतो. त्यातले उंच आवाज बुडाशी, आवाज जिथून आत येतो त्या लंबगोल खिडकीच्या अगदी दारात पकडले जातात आणि खर्ज शेंड्याला. मी नेमकं उलटं शिकवत होतो. दुसऱ्या दिवशी वर्गात तिची माफी मागितली, फळ्यावर आकृती नव्यानं काढली. पण दोन वर्षांच्या नोट्स झेरॉक्सच्या दुकानांतून कुठं कुठं गेल्या होत्या, त्यांचं काय करणार?

हलगीची उपमा मी अजून देतो, पण तीही फार ताणू नका. हलगीचं कातडं ओढून बसवलेलं असतं, बेसिलर मेम्ब्रेन तशी ओढलेली नसते. फरक ताणाचा नाही, ताठपणाचा आहे. हेल्महोल्ट्झ या शास्त्रज्ञांनाही एकोणिसाव्या शतकात कानात पियानोसारख्या ताणलेल्या तारा असाव्यात असं वाटलं होतं. पुढं बेकेशी या शास्त्रज्ञांनी मृत माणसांच्या कॉक्लियात डोकावून पाहिलं. त्यांना पडद्यावरून सरकत जाणारी लाट दिसली. ती बुडापासून निघते, हळूहळू उंच होते, एका ठरावीक जागी शिगेला पोचते आणि तिथून पुढं लगेच विरते. शिगेची जागा आवाजाच्या उंचीप्रमाणे बदलते. या कामासाठी त्यांना १९६१ साली नोबेल मिळालं.

माझी सवय सांगतो. वेटोळं आधी काढायचंच नाही. हा पडदा उलगडला तर सुमारे ३५ मिलिमीटर भरतो. वर्तमानपत्राची ३५ सेंटिमीटरची पट्टी कापायची, म्हणजे दहापट झाली. तिच्यावर नळीच्या दोन रेघा जवळ येत जाणाऱ्या काढायच्या आणि त्यांच्या आत पडद्याच्या दोन रेघा एकमेकींपासून लांब जाणाऱ्या. टोकांना आकडे लिहायचे आणि मगच पट्टी गुंडाळायची. दहा मिनिटं लागतात. ज्यांना ही दहा मिनिटं जड जातात ते पुढं दहा महिने घोकत बसतात.

हे एकदा बसलं की घरातली गोष्टही उलगडते. आजोबा म्हणतात, "ऐकू येतंय रे, कळंना गेलंय." वयाबरोबर बहुधा बुडाकडची बाजू आधी झिजते. स, श, फ ही उंच आवाजाची व्यंजनं तिथं ऐकली जातात, ती गळतात आणि स्वर तेवढे उरतात. मिरवणुकीतल्या डीजेचा मार मात्र आधी ४,००० हर्ट्झच्या आसपास दिसतो. ती जागाही बुडाकडच्याच अर्ध्यात येते.

गोल खिडकी विसरणं

दहातल्या सहा आकृत्यांत गोल खिडकी, म्हणजे बुडाशीच असलेलं पातळ पडद्याचं दुसरं तोंड, नसतेच. मधल्या कानातलं रिकिबीचं हाड लंबगोल खिडकीवर ढकलतं, आतलं पाणी हलतं, झालं ऐकू आलं! अरे, पण हलून जाणार कुठं? भोवती हाड आहे आणि पाणी दाबून लहान होत नाही.

यासाठी वर्गात ठिबकच्या लॅटरलचा हातभर तुकडा असतो, १६ मिलिमीटरचा. शेतातून आणणारी पोरं वर्गात कायम असतात. तो वाकवून काठोकाठ पाणी भरायचं आणि दोन्ही तोंडांवर फुग्याचं रबर बांधायचं. एकीकडं बोट दाबलं की दुसरीकडं रबर फुगतं. मग दुसऱ्या तोंडाला रबराऐवजी घट्ट बूच मारायचं आणि पुन्हा दाबायला सांगायचं. एका पोरानं इतक्या जोरात दाबलं की बांधलेलं रबर निसटून माझा शर्ट भिजला. पण त्या तुकडीतल्या कुणाच्याही आकृतीतून गोल खिडकी पुन्हा गळाली नाही.

या नळीनं एक नवा गैरसमजही होतो, तो मीच सांगून ठेवतो. नळीत लांबीभर वरचं, मधलं आणि खालचं अशी तीन दालनं असतात. आवाज वरच्या दालनातून शेंड्यापर्यंत चालत जातो आणि वळसा घालून खालच्या दालनातून परततो, असं वाटतं. मोबाईलवरच्या चलचित्रांत तर बाण आमच्या लातुरातल्या गोल बाजारपेठेला, गंजगोलाईला चक्कर मारल्यासारखा फिरत असतो. शेंड्याला हेलिकोट्रिमाचं भोक आहे खरं, पण ऐकू येणाऱ्या बहुतेक आवाजांचा दाब वाटेतच मधला पडदा हलवून खालच्या दालनात उतरतो.

जास्त पेशी म्हणून जास्त काम?

पडद्यावर बसून त्याची हालचाल टिपणाऱ्या केसाळ पेशी म्हणजे रोमपेशी. बाहेरच्या रोमपेशी तीन ओळींत सुमारे १२,०००, आतल्या एका ओळीत सुमारे ३,५००. आकडे पाठ असतात. मग विचारलं, "ऐकतं कोण?" तर सगळा वर्ग एका सुरात "बाहेरच्या!" काय मतदान आहे का ते?

मेंदूकडं खबर नेणाऱ्या तंतूंपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त त्या आतल्या एकाच ओळीला जोडलेले असतात. बाहेरच्या पेशींचं काम वेगळं आहे. त्या विजेच्या बदलाबरोबर आखडतात, लांबतात आणि पडद्याला लयीत धक्का देतात, म्हणजे हळू आवाजही आतल्या ओळीपर्यंत पोचतो. पाळण्याला योग्य वेळी बोट लावलं की तो झुलत राहतो, तसंच हे. या उद्योगात थोडा आवाज उलटा कानाबाहेरही येतो. डेव्हिड केम्प या शास्त्रज्ञांनी तो १९७८ साली टिपला. पोरांचा यावर विश्वास बसत नाही. पण बाळंतपणाच्या दवाखान्यात झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या कानात बारीक बोंडी घालून जी तपासणी करतात, ती याच परतीच्या आवाजाची. बाळानं काही सांगायची गरजच नसते.

पोटॅशियमचा घोळ

चेतापेशीचा धडा नुकताच झालेला असतो. म्हणून हात आपोआप लिहितो: सोडियम आत शिरला. इथं नाही. मधल्या दालनातला एंडोलिंफ हा पेशीबाहेरचा द्रव असून पोटॅशियमनं भरलेला असतो आणि त्याचा विद्युतविभव सुमारे अधिक ८० मिलिव्होल्ट. रोमपेशींचे केस वाकले की दारं उघडतात आणि पोटॅशियम आत शिरतो. वरच्या-खालच्या दालनांतल्या पेरिलिंफमध्ये मात्र सोडियम जास्त. मी मधलं दालन नेहमी निळ्या पेन्सिलीनं भरतो आणि बाकी दोन कोरी ठेवतो. तपासताना निळं दिसलं नाही की पुढं वाचायच्या आधीच माझा हात लाल पेनकडं जातो.

पटापट उरलेल्या

मधलं दालन हेलिकोट्रिमाशी जोडू नका. तिथं फक्त वरचं आणि खालचं दालन भेटतं.

स्कॅला टिंपॅनी म्हणजे खालचं दालन, कानाचा पडदा (टिंपॅनिक मेम्ब्रेन) नव्हे. नाव सारखं, गाव वेगळं.

अर्धवर्तुळाकार नलिका तोल सांभाळतात. त्यांना ऐकायला लावू नका.

कॉर्टीचं इंद्रिय, म्हणजे रोमपेशींचा तो सगळा पट्टा, बेसिलर मेम्ब्रेनच्या वर बसतं, खाली लोंबत नाही.

रोमपेशींचे केस म्हणजे न्हावी कापतो ते नव्हेत. हसू नका, हा प्रश्न मला दोनदा आलाय. आणि कानात सोडलेलं तेल कॉक्लियापर्यंत जात नाही, मध्ये कानाचा पडदा आहे. मेलेल्या रोमपेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत, मग तेल घाला की तूप.

वेटोळी अडीचपेक्षा किंचित जास्त. तीन काढली तरी मी मार्क कापत नाही, पाच काढली की कापतो.

शंखाची उपमा सगळेच देतात, कारण कॉक्लिया हे नावच गोगलगाईवरून आलंय. २०२२ च्या खरिपात शंखी गोगलगाईंनी आपल्याकडच्या सोयाबीनचा फडशा पाडला, तेव्हा एका पोरानं पिशवीभर रिकामे शंख आणले होते. एक हॅक्सॉ ब्लेडनं उभा कापला. मधोमध खांब आणि भोवती वेटोळी दिसली. तो खांब दाखवायला शंख उत्तम, कारण कॉक्लियातल्या तशाच हाडाच्या खांबातून श्रवणचेतेचे तंतू बाहेर पडतात. पण शंखाची नळी आतून एकच आणि मोकळी, कॉक्लियात तीन दालनं. शंख बघून घरी गेलेली निम्मी पोरं एकाच पोकळीची आकृती घेऊन आली. तेव्हापासून शंख दाखवतो तो तीन दालनं काढून झाल्यावरच.

गेल्या जूनमध्ये एक रिपीटर आला. अहमदपूरकडचा, हुशार, घाईचा. कॉक्लिया काढायला सांगितला तर बुडाशी 'खर्ज', शेंड्याला 'तार', मध्ये डौलदार बाण. कुठून शिकलास विचारलं तर त्यानं मोबाईलवर पीडीएफ उघडली. झेरॉक्सची झेरॉक्स असावी, कडा काळ्या पडलेल्या. अक्षर माझं. मी म्हणालो, हे चूक आहे, खोडून टाक. तो बराच वेळ स्क्रीनकडं बघत राहिला आणि म्हणाला, "पण सर, ह्या लई भारी सरांच्या नोट्स हायत म्हणे."