आई-आबांसाठी स्मार्ट घर: आधी भिंतीवरचं बटण

घरातल्या वयस्कर माणसांसाठी स्मार्ट, म्हणजे फोनवरून किंवा आवाजाने चालणाऱ्या वस्तू घेताना एक नियम पक्का ठरवा. वायफाय बंद असो, मुलगा पुण्यात असो, फोन चार्जिंगला असो. भिंतीवरचं बटण दाबलं की दिवा लागलाच पाहिजे. हे जमलं तर निम्म्या अडचणी उभ्याच राहत नाहीत.

बहुतेक जण सुरुवात स्मार्ट बल्बने करतात आणि तिथंच गाडी अडते. आजी आयुष्यभराच्या सवयीने झोपताना बटण बंद करतात. बल्बची वीजच तुटते, मग तो आवाजाने लागत नाही आणि फोनवरूनही लागत नाही. लाईट जाऊन आली की असे बरेच बल्ब मध्यरात्रीसुद्धा पूर्ण उजेडात पेटतात. वळवाच्या पावसात लाईट पाठोपाठ चार-पाच वेळा गेली-आली तर काही बल्ब रीसेटही होतात, कारण भराभर चालू-बंद करणं हाच त्यांचा रीसेटचा इशारा असतो. बल्ब आधीच घेतला असेल तर वीज परत आल्यावर तो ‘आधीच्या स्थितीत’ राहील अशी सोय अ‍ॅपमध्ये आहे का ते बघा आणि ती लावून ठेवा.

त्यापेक्षा बोर्डाच्या आत, बटणामागे बसणारं स्मार्ट रिले मॉड्यूल घ्या. बटण पूर्वीसारखंच चालतं, फोन आणि आवाजाची सोय वर मिळते. अशा बहुतेक मॉड्यूलना न्यूट्रल वायर (वीज परत नेणारी तार) लागते. नुसत्या बटणांच्या जुन्या बोर्डात ती पुष्कळदा नसते, पण ज्या बोर्डावर प्लगपॉइंट आहे तिथं असतेच. सुरुवात त्या बोर्डापासून करा. मॉड्यूल विकत घेण्याआधी वायरमनकडून बोर्डाची खोली मोजून घ्या. आत कोंबून बसवलं तर वायरी दबतात, जोड ढिले होतात आणि तापतात. काम मेन स्विच बंद करूनच.

आमच्या मते पहिली वस्तू याहूनही साधी असावी: हालचाल ओळखून लागणारे छोटे दिवे. अंथरुणापासून न्हाणीघरापर्यंत दोन-तीन, गुडघ्याच्या खाली, पिवळसर मंद उजेडाचे. त्यांना अ‍ॅप लागत नाही, वायफाय लागत नाही, शिकवावं काहीच लागत नाही. रात्री अंधारात चाचपडत जाताना पडण्याचा धोका त्यांनी कमी होतो, आणि ‘हे आपल्या कामाचं आहे’ हा विश्वास त्यातूनच येतो.

गिझरसाठी मात्र काटेकोर राहा. 2000 वॅटचा गिझर 230 व्होल्टला सुमारे 9 अँपिअर ओढतो, 3000 वॅटचा 13. म्हणून स्मार्ट प्लग 16 अँपिअरचाच घ्या. 6 किंवा 10 अँपिअरचा तापून वितळू शकतो. अर्थिंग तपासून घ्या, 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर बसवा. चालू केल्यावर 20 मिनिटांनी आपोआप बंद होईल असा टायमर लावा. इस्त्री, शेगडी आणि पाणी तापवायचा रॉड स्मार्ट प्लगवर कधीच नको. लांबून चालू करणाऱ्याला रॉड पाण्यात आहे की कोरडा, हे दिसत नाही.

वायफायचं थोडक्यात. कोल्हापूरच्या शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांच्या जाड भिंती सिग्नल अडवतात, तेव्हा राऊटर घराच्या मधोमध आणि उंचावर ठेवा. वस्तू जोडली जात नसेल तर फोन 5 गिगाहर्ट्झवर आहे का ते आधी बघा. बहुतेक स्मार्ट वस्तू फक्त 2.4 वर चालतात. इन्व्हर्टर असेल तर राऊटर आणि आवाजावर चालणारा स्पीकर दोन्ही त्याच्या लाईनवर घ्या.

अलेक्सा किंवा गूगलच्या स्पीकरवर भाषा हिंदी ठेवता येते. दिव्यांना ‘लाईट एक’, ‘लाईट दोन’ अशी नावं देऊ नका. ‘देवघर’, ‘अंगण’ अशी, त्यांच्या तोंडातली आणि एकमेकांशी न जुळणारी नावं द्या. मग टीव्ही चालू ठेवून, त्यांच्या नेहमीच्या खुर्चीवरून, त्यांनाच बोलायला लावा. आबा ‘अलेक्सा’ म्हणून उत्तराची वाट बघत थांबतात आणि तेवढ्यात स्पीकर ऐकणं बंद करतो. पूर्ण वाक्य एका दमात म्हणायचं, एवढं दोन-चारदा करून घ्या.

शिकवताना फोन त्यांच्या हातातून घेऊ नका, बोट त्यांचंच फिरू द्या. एका दिवशी एकच काम. शेवटी मुद्दाम राऊटर बंद करा आणि त्यांना बटणाने दिवा लावायला सांगा. बिघडलं तरी आपलं अडत नाही, हे स्वतःच्या हाताने कळलं की भीती जाते. मोठ्या अक्षरात तीन ओळींचं कार्ड बोर्डाशेजारी चिकटवा: कसं लावायचं, कसं बंद करायचं, नाही चाललं तर कुणाला फोन करायचा.

स्पीकरवरून खरेदीची सोय बंद करा. कॅमेरा दारापुरताच, आणि तोही त्यांना विचारून, बेडरूममध्ये नको. कॅमेऱ्यासोबत आलेला पासवर्ड लगेच बदला. पडलं-झडलं तर स्पीकर 112 ला फोन लावेल या भरवशावर राहू नका. मोठ्या बटणांचा फोन उशाशी हवा. आणि ‘तुमचं मशीन बंद पडणार आहे’ किंवा महावितरणच्या नावाने ‘आज रात्री लाईट कापणार’ असा फोन आला तर ओटीपी सांगायचा नाही, सांगतील ते अ‍ॅप टाकायचं नाही, सरळ फोन ठेवायचा. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर तक्रार करायची. हा नंबरही त्याच कार्डावर लिहून ठेवा.